एका वेळी एकच बदल: जुना संगणक आणि फोनसेवा तपासताना

आमच्या घरातला डेस्कटॉप संगणक दहा वर्षांहून अधिक जुना आहे आणि घरातली छायाचित्रे, पत्रव्यवहार, हिशेब असे सारे काही त्यावरच साठवलेले आहे. मध्यंतरी त्याच्याविषयी तीन तक्रारी जवळजवळ एकदमच सुरू झाल्या. चालू केल्यावर कामाजोगा व्हायला तो फार वेळ घेऊ लागला. एरवी विनासायास उघडणारी संकेतस्थळे 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा देऊन अडू लागली. आणि एखादे जड काम चालू असताना संगणक कोणताही संदेश न दाखवता एकाएकी बंद पडू लागला. त्याच सुमारास आईच्या मोबाइल कंपनीकडून थ्रीजी सेवा बंद होणार असल्याची सूचना आली आणि तिच्या जुन्या फोनचे पुढे काय, हाही प्रश्न उभा राहिला. दोन्ही बाबतींत मिळणारा सल्ला एकच होता: जुने टाका, नवे घ्या. मला तो पटत नव्हता. यंत्र जुने झाले म्हणून त्याचे सगळे भाग एकाच वेळी निकामी होत नाहीत. एखादा भाग थकतो, आणि तो कोणता हे धीराने तपासले तर शोधून काढता येते.

तपासणी सुरू करण्याआधी मी एक वही केली आणि तिच्यात दिसलेले लक्षण, केलेली कृती आणि त्यानंतरचा परिणाम एवढेच लिहायचे ठरवले. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याचा परिणाम पाहिल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, हा नियम शेवटपर्यंत पाळला. रॅम (चालू कामाची माहिती तात्पुरती धरणारी स्मृती) आणि केबल एकाच बैठकीत बदलली आणि त्रास थांबला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही, आणि तो पुन्हा उद्भवला की सगळे पहिल्यापासून करावे लागते. तीन तक्रारींचे मूळ एकच असेल असेही मी गृहीत धरले नाही. जुन्या यंत्रात दोन-तीन स्वतंत्र दोष एकत्र नांदू शकतात, आणि माझ्या बाबतीत तसेच निघाले.

सर्वांत आधी बॅकअप घेतला. हे काम पुढे ढकलण्याचा मोह होतो, परंतु डिस्कची कोणतीही कसून तपासणी म्हणजे डिस्कवर ताण असतो आणि ती आधीच थकलेली असेल तर तपासणीच्या ओघातच ती कायमची बंद पडू शकते. बाहेरून जोडलेल्या डिस्कवर फायली उतरवत असताना काही छायाचित्रांच्या फोल्डरपाशी प्रत उतरवणे बराच वेळ थबके, डिस्कमधून टकटक ऐकू येई आणि मग काम पुन्हा पुढे सरके. पहिला धागा इथेच मिळाला.

प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते. या सोयीला 'स्मार्ट' म्हणतात आणि क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स यांसारख्या मोफत साधनांनी ती नोंद वाचता येते. तिच्यात पुष्कळ आकडे असतात, पण मला प्रामुख्याने तीन पाहायचे होते. पाचव्या क्रमांकावर, खराब ठरल्यामुळे राखीव जागेकडे वळवलेल्या सेक्टरांची, म्हणजे माहिती साठवण्याच्या छोट्या कप्प्यांची, संख्या असते. १९७ व्या क्रमांकावर, वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांची. आणि १९९ व्या क्रमांकावर, डिस्क व मदरबोर्ड (सगळे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पाटी) यांच्यामधल्या केबलवर माहितीची ने-आण होताना झालेल्या चुकांची. माझ्या डिस्कवर १९९ चा आकडा शून्य होता, म्हणजे केबलवरचा संशय फिटला. पाचव्या आणि १९७ व्या क्रमांकांचे आकडे मात्र शून्य नव्हते, आणि काही दिवसांनी पुन्हा पाहिले तेव्हा ते वाढलेले होते. संगणक हळू का झाला, याचे उत्तर त्यात होते. एखादा सेक्टर वाचता आला नाही की डिस्क तोच पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते, त्यात सेकंदामागून सेकंद जातात आणि तोवर कार्यप्रणाली उत्तराची वाट पाहत थांबते. वापरणाऱ्याला वाटते की प्रोसेसर थकला. प्रत्यक्षात प्रोसेसर रिकामा बसलेला असतो. टास्क मॅनेजर उघडून पाहिले तर तसेच दिसत होते: प्रोसेसरचा वापर नाममात्र आणि डिस्कचा मात्र सतत शंभर टक्के. डिस्क बदलायची हे इथेच नक्की झाले. पण नव्या डिस्कवर काही चढवण्याआधी संगणक मधेच बंद का पडतो हे कळणे आवश्यक होते, म्हणून ते काम मी मागे ठेवले.

संकेतस्थळांच्या इशाऱ्याचे कारण त्या मानाने लवकर सापडले. वहीतल्या नोंदी पाहताना लक्षात आले की हा इशारा, भिंतीवरचे मुख्य बटण बंद करून ठेवल्यानंतर संगणक पुन्हा चालू केला की येतो. नुसता संगणक बंद करून बटण चालू ठेवले तर येत नाही. मग कोपऱ्यातली तारीख पाहिली तर ती कित्येक वर्षे मागे गेलेली होती. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे हे लिहिलेले असते आणि ब्राउझर ते संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळच मागे गेले तर आजचे निर्दोष प्रमाणपत्रही त्याच्या दृष्टीने अजून लागू झालेले नसते. वीज तुटल्यावर हे घड्याळ चालू ठेवण्याचे काम मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल करतो. बहुतेक मदरबोर्डांवर तो सीआर २०३२ या प्रकारचा असतो. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, आणि ३ व्होल्ट दाब. मल्टिमीटरने मोजल्यावर आमच्या सेलचा दाब याहून बराच खाली गेलेला दिसला. सेल बदलण्यापूर्वी मी बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रणालीच्या, सगळ्या पानांची छायाचित्रे काढून ठेवली, आणि ही खबरदारी प्रत्येकाने घ्यावी असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. सेल काढला की बायोसची मांडणी मूळ स्थितीत जाऊ शकते आणि त्यात डिस्कची जोडणी एएचसीआय पद्धतीवरून आयडीई पद्धतीवर गेली, तर विंडोज निळा पडदा दाखवून सुरूच होत नाही. अशा वेळी सेल बदलणाऱ्याला वाटते की आपल्या हातून मदरबोर्ड बिघडला.

घड्याळ बरोबर असूनही हाच इशारा येत असेल, तर संगणकातली मूळ प्रमाणपत्रे, म्हणजे ज्यांच्या आधारे संकेतस्थळांची प्रमाणपत्रे पारखली जातात ती, जुनी झाली असण्याची शक्यता असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असे एक बरेच वापरातले मूळ प्रमाणपत्र संपले आणि अद्ययावत न केलेल्या अनेक जुन्या यंत्रांवर चांगली संकेतस्थळे उघडेनाशी झाली. आमच्या संगणकावर तो प्रश्न नव्हता.

एकाएकी बंद पडण्याच्या दोषाने सर्वांत जास्त वेळ घेतला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत कर्नल-पॉवर या नावाची ४१ क्रमांकाची नोंद प्रत्येक वेळी सापडे, पण संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढेच ती सांगते. कारण सांगत नाही. संशयित तीन होते: उष्णता, रॅम आणि एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा. जी तपासणी फुकट होते आणि जिच्यात काही बदलावे लागत नाही ती आधी करायची, या क्रमाने मी गेलो. तापमान दाखवणारे साधन चालू ठेवून जड काम सुरू केले तेव्हा प्रोसेसरचे तापमान झपाट्याने चढून त्याच्या कमाल मर्यादेला भिडले. या मर्यादेपाशी प्रोसेसर आधी आपला वेग आपणच उतरवतो आणि तेवढ्याने भागले नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी संगणक बंद करतो. कॅबिनेट उघडल्यावर पंखा आणि त्याखालच्या धातूच्या पात्या यांच्यामध्ये धुळीचा जाड थर बसलेला दिसला. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली आणि मग हवेच्या झोताने धूळ काढली, कारण झोताने पंखा त्याच्या मर्यादेपलीकडे फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे नेणारी, पण आता वाळून तडकलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावली. तापमान लक्षणीयरीत्या उतरले, बंद पडणेही कमी झाले. पण थांबले नाही.

त्रास कमी झाला की काम झाले असे मानण्याकडे मनाचा कल होतो. मी तपासणी पुढे चालू ठेवली ती वहीमुळे, कारण आता संगणक बंद पडताना तापमान मर्यादेच्या खूप खाली असल्याचे तिच्यातल्या नोंदी स्पष्ट सांगत होत्या. म्हणजे उष्णता हा एक दोष होता आणि तो दूर झाला होता. दुसरा दोष तसाच होता. रॅम तपासण्यासाठी मेमटेस्ट८६ प्लस पेन ड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालू ठेवला. सकाळी एकही चूक नोंदलेली नव्हती. उरला एसएमपीएस. नियमाप्रमाणे त्याच्या १२ व्होल्टच्या तारेवरचा दाब पाच टक्क्यांहून अधिक हलता कामा नये, म्हणजे तो ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान राहायला हवा. डिस्कना वीज पुरवणाऱ्या मोकळ्या जोडणीत पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि काळी शून्याची असते. मल्टिमीटरच्या कांड्या पिवळ्या आणि काळ्या तारेला लावून, दोन्ही कांड्या एकमेकींना टेकणार नाहीत याची काळजी घेत, मी आकडा पाहत राहिलो. संगणक स्वस्थ असताना दाब योग्य होता. जड काम सुरू होताच तो ११.४ च्या खाली घसरला. एका मित्राचा चांगल्या स्थितीतला एसएमपीएस काही दिवस मागून लावला तेव्हा संगणक एकदाही बंद पडला नाही, आणि मगच नवा विकत घेतला. जुना एसएमपीएस उघडून पाहू नये. वीज काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरांमध्ये (विद्युतभार साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांमध्ये) धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर मात्र उघड्या डोळ्यांनी पाहावेत. त्यांचे माथे फुगलेले किंवा वर तपकिरी द्रव वाळलेला दिसला तर दोष तिथे असण्याची दाट शक्यता असते. आमच्या मदरबोर्डवरच्या सगळ्यांचे माथे सपाट होते.

आता डिस्क. खराब सेक्टर असलेल्या डिस्कची सरसकट प्रत काढणारी साधी साधने पहिल्याच अडथळ्यापाशी थांबतात, म्हणून मी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरले. ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उतरवून घेते, अडलेल्या जागांची नोंद एका फायलीत ठेवते आणि शेवटी फक्त त्या जागांकडे परत वळते. मधे वीज गेली तरी त्या नोंदीच्या आधारे काम जिथे थांबले तिथून पुढे चालू होते. मूठभर फायली सोडल्या तर सगळे सुखरूप आले, आणि त्या फायलींच्या प्रती जुन्या बॅकअपमध्ये होत्या.

जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, घेतली. आमच्या मदरबोर्डवर सेकंदाला ३ गिगाबिटची जुनी साटा (डिस्कसाठीची) जोडणी आहे, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही आणि म्हणून ती घेण्यात अर्थ नाही, असे मला सांगण्यात आले होते. हा हिशेब अपुरा आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते आणि डोके सरकण्याचा वेळ त्याहून वेगळा. म्हणजे विखुरलेली माहिती ती सेकंदाला साधारण शंभर वेळाच उचलू शकते. संगणक सुरू होताना अशा हजारो छोट्या फायली उचलाव्या लागतात. एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही, आणि खरा फरक पडतो तो तिथे. जोडणीची मर्यादा त्याच्या आड येत नाही. बदल केल्यावर संगणक इतका चपळ झाला की आधीचाच प्रोसेसर आणि आधीचीच रॅम आहे हे घरातल्यांना पटेना.

कार्यप्रणालीचा निर्णयही याच वेळी घ्यावा लागला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) व ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्रात दोन्ही नाहीत. अटी चुकवून ती बसवण्याचे मार्ग आहेत, पण पुढची अद्यतने मिळतील याची खात्री नसलेल्या प्रणालीवर घरातले हिशेब ठेवणे मला योग्य वाटले नाही. लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, चालवून पाहता येते. त्या स्थितीत वायफाय, आवाज, प्रिंटर, स्कॅनर आणि देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक हे सगळे चालते आहे याची खात्री करून घेतल्यावरच ती बसवली.

फोनचे काम वेगळे असले तरी पद्धत तीच लागू पडली. थ्रीजी बंद होणार म्हणजे नेमके काय बंद होणार, हे आधी समजून घ्यायला हवे होते. फोनवर फोरजी लिहिलेले असले म्हणून त्यावरचे बोलणे फोरजीवरून होतेच असे नाही. फोरजीवरून बोलण्यासाठी व्होल्टी ही सोय लागते, आणि ती फोनमध्ये असणे, चालू केलेली असणे आणि त्या कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेली असणे, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. ती नसेल तर फोन इंटरनेटपुरता फोरजीवर राहतो आणि बोलण्याच्या वेळी थ्रीजी किंवा टूजीवर उतरतो. याची परीक्षा सोपी आहे: फोन लावावा आणि बोलणे चालू असताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातले चिन्ह पाहावे. आईच्या फोनवर ते प्रत्येक वेळी फोरजीवरून खाली उतरत होते. सेटिंगमध्ये व्होल्टीचा पर्यायच नव्हता. त्या ठिकाणी टूजीही नसल्यामुळे थ्रीजी बंद झाल्यावर तिच्या फोनवर इंटरनेट चालले असते आणि बोलणे मात्र बंद झाले असते, आणीबाणीच्या क्रमांकासकट. इथे तडजोडीला जागा नव्हती. फोन बदलणे आवश्यकच होते, आणि हे मोजून कळले म्हणून त्याविषयी मनात शंका उरली नाही.

फोन बदलायचाच आहे तर सेवाही पाहून घ्यावी असे ठरले, कारण घराच्या आतल्या खोल्यांत रेंजची तक्रार जुनीच होती. पडद्यावरच्या दांड्यांवर मी विसंबलो नाही. किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या याचा सर्वमान्य नियम नाही, त्यामुळे दोन फोनांवरच्या दांड्यांची तुलना होऊ शकत नाही. अँड्रॉइड फोनच्या माहितीच्या पानावर, सिमच्या स्थितीखाली, रेंजचा आकडा डीबीएम या एककात मिळतो. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोरजीच्या बाबतीत उणे ८५ च्या आसपास रेंज उत्तम, उणे ११० ला कमकुवत आणि उणे १२० च्या पुढे बोलणे तुटण्याची भीती. हे मोजमाप सरळ चढत नाही: दहाचा फरक म्हणजे शक्तीत दहा पटींचा फरक. त्यामुळे उणे ९५ आणि उणे १०५ हे आकडे दिसायला जवळचे असले तरी अनुभवात फार दूरचे असतात.

ज्या कंपन्यांचा विचार करायचा होता त्यांची प्रीपेड सिम घेऊन एकाच फोनमध्ये पाळीपाळीने घातली आणि आई जिथे प्रत्यक्ष बसते, झोपते, वावरते त्याच जागांवर, सकाळी आणि संध्याकाळी, आकडे लिहिले. कंपन्यांच्या संकेतस्थळांवरचे नकाशे मुख्यतः उघड्यावरची रेंज गणिताने काढून दाखवतात. भिंतीच्या आत काय होते ते त्यांतून कळत नाही. नकाशात सर्वांत भरगच्च दिसणारी सेवा आईच्या खोलीत सर्वांत क्षीण निघाली. कारण बहुधा लहरींच्या पट्ट्यांमध्ये असावे: ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर पोहोचतात आणि भिंती बऱ्यापैकी भेदतात, तर २,१०० किंवा २,६०० मेगाहर्ट्झच्या लहरी जास्त माहिती वाहतात पण भिंतीपाशी लवकर थकतात. म्हणून नवा फोन घेताना निवडलेल्या सेवेचे कमी मेगाहर्ट्झचे पट्टे त्यात आहेत ना, हे निर्मात्याच्या माहितीपत्रकातून ताडून पाहिले. स्वतःचे मनोरे नसलेली, दुसऱ्याचे जाळे भाड्याने वापरणारी एक सेवाही यादीत होती. तिची रेंज अर्थातच मूळ कंपनीइतकीच होती, परंतु संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तिचा वेग मूळ कंपनीपेक्षा फार उतरत होता आणि वायफायवरून बोलण्याची सोय तिने दिलेली नव्हती. आईसाठी ही सोय महत्त्वाची होती, कारण अगदी आतल्या खोलीत कोणाचीच रेंज पुरेशी नव्हती आणि वायफाय मात्र तिथे पोहोचते.

वायफायवर भिस्त ठेवायची तर विजेचा विचार करावा लागतो. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या लँडलाइनला टेलिफोन केंद्राकडूनच सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा मिळे, म्हणून घरातली वीज गेली तरी ती चालत असे. राउटरला तो आधार नाही. त्यासाठी राउटर आणि फायबरचा डबा यांना पुरेल असा छोटा यूपीएस बसवला, आणि वीज मुद्दाम बंद करून, आतल्या खोलीतून फोन लावून, बोलणे तुटत नाही हे पाहिले.

क्रमांक पोर्ट करताना जुनी सेवा आधी बंद केली नाही. बंद झालेला क्रमांक पोर्ट करता येत नाही. बँकेचे ओटीपी पोर्टच्या काळात अडकू नयेत म्हणून त्या आठवड्यातली देयके आधीच भरून टाकली. जुन्या सिमची रेंज गेल्यावर नवे सिम घातले, फोन बंद करून चालू केला, बाहेरून त्या क्रमांकावर फोन लावून पाहिला, बोलताना चिन्ह फोरजीवरच टिकते आहे याची खात्री केली आणि बँकेकडून एक ओटीपी मागवून तो येतो हेही पाहिले. नंतर वायफाय बंद करून आईच्या खुर्चीपाशी पुन्हा एकदा आकडा घेतला: उणे ९३. तो वहीत लिहिला, आणि जुने सिम तिच्या हातून काढून घेतले.